बाप उभा

‘(शेळी कासावीस होऊन सुगंधाकडे पाहते.)’

हे वाक्य लिहिलं आणि माझं पेन थांबलं. मी वरचं पान पुन्हा वाचलं. त्याच्याही वरचं वाचलं. मग पहिल्या पानापासून बोट ठेवून नुसते कंस वाचत आले. आई डोळ्यांना पदर लावते. आजीचा कंठ दाटून येतो. शेजारीण हुंदका आवरते. शेळी कासावीस होते. आणि बाप?

‘(बाप उभा.)’

नऊ वेळा. अख्ख्या नाटकात बाप नऊ वेळा उभा होता. एकदा ‘(बाप अजून उभाच.)’ असं होतं, तेवढाच काय तो फरक.

तो बाप मी होते.

थांबा, नीट सांगते. मी तेव्हा नववीत होते. आमची बार्शीची कन्याशाळा, म्हणजे वर्गात मुली, मैदानावर मुली, नाटकात पण मुलीच. आता नाटकात पुरुष लागतातच. ते कुठून आणायचे? तर उंच मुलींमधून. हा आमच्या शाळेचा नियमच होता, कुठं लिहिलेला नव्हता पण राष्ट्रगीतासारखा पाळला जायचा. नववीत माझी उंची पाच फूट आठ इंच. प्रार्थनेच्या रांगेत मी कायम शेवटची, आणि तिथंही गुडघ्यात वाकून उभी. पाचवीत मी वडाचं झाड झाले, सहावीत इन्स्पेक्टर, सातवीत सावकार, आठवीत दारुडा नवरा आणि नववीत बाप. सगळ्यांत चांगली भूमिका झाडाची होती. झाडाला निदान वारा आला की डुलायचं होतं.

आमच्या शेटेबाई मराठी शिकवायच्या आणि दरवर्षी नाटक लिहायच्या. त्यांची पद्धत अशी, की अख्खं नाटक कुणालाच द्यायचं नाही. प्रत्येकीला फक्त आपापल्या वाक्यांची चिठ्ठी. माझी चिठ्ठी नेहमी बसच्या तिकिटाएवढी असायची. या वर्षीची अशी: ‘नाही म्हणजे नाही’ चार वेळा, ‘चहा’ एकदा. पण त्या वर्षी नाटक सोलापूरला स्पर्धेत जाणार होतं आणि तिथं पूर्ण संहितेची एक स्वच्छ प्रत पाठवायची होती. माझं अक्षर बरं, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला शिक्षकखोलीत बसवलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा मी अख्खं नाटक वाचलं.

नाटकाचं नाव ‘सुगंधा निघाली’. सुगंधा दहावी पास झालीय, तिला शहरात वसतिगृहात राहून शिकायचंय. बाप फॉर्मवर सही करत नाही. मग आई, आजी, शेजारीण सगळ्या मिळून बापाला घेरतात, बाप सही करतो, सुगंधा निघते, सगळ्या रडतात. शेळीसकट.

“बाई,” मी म्हटलं, “शेळीला वाटतं, मग बापाला का वाटत नाही?”

शेटेबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काय वाटत नाही?”

“काहीच. तो नुसता उभा आहे. नऊ वेळा.”

“अगं, तो बाप आहे.”

बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, की मी ‘बरं’ म्हणून पुढं लिहायलाही लागले होते. एक ओळ झाल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी चावलं.

“बाई, पण हा लिंगभेद नाही का?”

आता बाईंनी मान वर केली. पलीकडं पी.टी.च्या बाई डबा खात होत्या, त्यांना ठसका लागला. “घ्या! कन्याशाळेत पुरुषांवर अन्याय! मोर्चा काढा गं कुणीतरी!”

एरवी मी इथंच गप्प बसले असते. पण ते शेळीचं मला फार लागलं होतं. शेळीचं काम पाचवीतली ईश्वरी करणार होती. ती एवढीशी, तिला नाटक म्हणजे काय तेही माहीत नाही, आणि तिला कासावीस व्हायचं होतं!

“हसू नका ना बाई. पोरींना रडू द्यायचं, आणि पुरुषाला खांबासारखं ठेवायचं. त्याला मनच नाही असं आपणच ठरवायचं. उलटं केलं असतं तर तुम्हीच रागावला असता.”

शेटेबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. हे त्या फार महत्त्वाच्या वेळी करायच्या.

“चैत्राली, ऐक. मी कॉलेजात तीन वर्षं नाटकात काम केलं. तिन्ही वर्षं मी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि परत गेले. तिसऱ्या वर्षी तर तांब्या रिकामा दिला होता, मी सांडीन म्हणून. पुरुष पात्रं पाणी पिऊन आपली दुःखं सांगायची. एकानं तरी विचारलं का, तांब्यावालीला काय वाटतं? आता आमच्या शाळेत बाप नुसता उभा राहिला तर कुणाचं काय बिघडलं?”

पी.टी.च्या बाईंनी डब्याचं झाकण टेबलावर आपटून दाद दिली. मलाही टाळी वाजवाविशी वाटली, खरंच. बाईंचं म्हणणं पटण्यासारखंच होतं.

“तेव्हा तुम्हाला राग आला होता?” मी विचारलं.

“अजून आहे.”

“मग बाई, तो रिकामा तांब्या तुम्ही मला का दिलात?”

शेटेबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“चार ओळी,” त्या म्हणाल्या. “सोमवारी लिहून आण. बाप रडणार नाही, रडणं रुकय्याचं. ओरडणार नाही. आणि रुकय्याचं एकही वाक्य खायचं नाही. मग बघू.”

रुकय्या मुजावर म्हणजे आमची नायिका, आणि माझी मैत्रीण. ती माझ्या कोपरापर्यंत यायची आणि हुकमी रडायची. कुठल्या डोळ्यातून पाणी काढू, एवढंच विचारायची. दोन्ही गालांवर एकदम ओघळ आला की बाईंना ते भडक वाटायचं, म्हणून ती बहुतेकदा डाव्या डोळ्यानं रडे.

शनिवारी दुपारी मी घरी येऊन लिहायला बसले. पहिला प्रयत्न असा होता: ‘हे दैवा, माझ्या काळजाचा तुकडा!’ हे मी मोठ्यानं वाचलं आणि माझी मलाच इतकी लाज वाटली, की कागद फाडून बादलीत बुडवला. दुसरा: ‘सुगंधा, मला फार वाईट वाटतं.’ मग म्हणावंसं वाटलं, वाटतं तर सही कर की बाबा! तिसऱ्यात बाप आपल्या लहानपणाची कहाणी सांगू लागला आणि दोन पानं झाली तरी तो तिसरीतच होता.

रविवारी मी रुकय्याकडं गेले. ती कपडे वाळत घालत होती.

“रुक्की, बापाला काय वाटत असेल गं?”

“मला काय माहीत? मी डोळे पुसत असते, मला तू दिसतच नाहीस.”

“चार वर्षं माझ्यासमोर रडतेस आणि मी दिसत नाही?”

“तू भिंत असतेस ना,” ती चिमटा तोंडात धरून म्हणाली. “वाईट वाटून घेऊ नको. चांगली भिंत असतेस. पण खरं सांगू? भिंतीशी भांडायला फार बोअर होतं. मी ‘बाबा, का?’ म्हणते आणि तू ‘नाही म्हणजे नाही’ म्हणतेस. मग मला रडण्याशिवाय काम काय उरतं?”

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, सगळी मजा रुक्कीचीच.

सोमवारी सकाळी मी शाळा भरायच्या तासभर आधी पोचले. कागद कोराच होता. तालमीच्या खोलीत भानुदासमामा मिशांचा डबा उघडून बसले होते. भानुदासमामा आमचे शिपाई, आणि साऱ्या शाळेतला एकुलता एक पुरुष. घंटा द्यायचं काम त्यांचं, पडदा ओढायचं त्यांचं, आणि मिशा लावायचंही त्यांचंच. जुन्या बिस्किटांच्या डब्यात त्यांनी काळ्या लोकरीच्या मिशा पाकिटं करून ठेवल्या होत्या. पाकिटांवर त्यांच्या अक्षरात: ‘इन्स्पेक्टर’, ‘सावकार’, ‘बाप (श्रीमंत)’, ‘बाप (गरीब)’. गरीब बापाची मिशी खाली झुकलेली असायची.

“मामा, एक विचारू? या बापाला काय वाटत असेल?”

“कोनच्या? गरीबाच्या का श्रीमंताच्या?”

“सुगंधाच्या. तो सही का करत नाही?”

“बाईंनी लिवलंय म्हनून.” मामा मिशी विंचरत होते. मग माझं तोंड बघून हसले. “आगं, बावीस वर्सं पडदा वढतोय मी. आजवर एका पोरीनं इचारलं न्हाई ह्ये.”

मी खाली त्यांच्यासमोर बसले. मामांनी मिशी पाकिटात घातली.

“माझी थोरली अनुराधा. बी.एस्सी. केलं तिनं, ठाऊक हाय न्हवं? तर दुसऱ्या वर्साला मी म्हनलं हुतं, बास कर आता. शाळंत सगळ्यांनी माझी खरडपट्टी काढली. शेटेबाईंनी सुदिक. पन का म्हनलो, त्ये कुनी इचारलं न्हाई.”

“का म्हणालात?”

“तिच्या मैतरनी आल्या हुत्या घरला. चार-पाच. चहा झाला. मी आपला नेहमीपरमानं बशीत वतला आन् प्यालो, आवाज करून. त्या पोरी येकमेकीकडं बघून हसल्या. त्येचं काय न्हाई. पन माझी पोरगीबी हसली. हळूच.” मामांनी बोटानं दाखवलं, केवढं हळूच. “म्हनलं, आजून दोन वर्सं शिकली तर हिला बाप म्हंजे जोकर वाटंल. म्हनून म्हनलं बास कर. वर आवाज चढवून म्हनलं.”

“मग?”

“मग काय! बायकोनं गुपचूप फारम भरला. मला निकालादिवशी कळलं.” आणि मामा स्वतःच खदाखदा हसले.

मी हसले नाही. “मामा, पण तुम्ही चुकलात.”

“चुकलोच की! चुकलो न्हाई म्हनतो का मी?” त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. “पन भ्यालो म्हनून चुकलो, पोरी. दगड हुतो म्हनून न्हवं.”

“आता ती काय करते?”

“लातूरला लॅबमदी हाय. सनावाराला येती. ती आली की मी कपानंच पितो चहा. ती काय बोलत न्हाई बरं का. पन मी आपला कपानंच पितो.”

मग ते उठले, घंटा द्यायला गेले. आणि घंटा वाजेपर्यंत माझ्या चार ओळी लिहून झाल्या. पहिल्यांदा माझं पेन माझ्या पुढं पळत होतं.

मधल्या सुट्टीत मी कागद बाईंना दिला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला. मग खुर्चीवर बसून वाचला.

“हे तू लिहिलंस?”

“हो बाई. म्हणजे, विचारून लिहिलं.”

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या, आणि लाल पेनानं कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. “पण नाही.”

“का?”

“हे ऐकलं की लोकांना बाप आवडेल. बिचारा म्हणतील. आणि एकदा बाप बिचारा झाला, की पोरीचं कोण ऐकणार? तुला अजून माहीत नाही चैत्राली, लोकांना निमित्तच हवं असतं. तो घाबरतो ना, मग राहू दे पोरीला घरी. मी हे नाटक त्या पोरीसाठी लिहिलंय. तिच्या वाट्याचं मी कुणाला देणार नाही.”

बाईंच्या म्हणण्यात काहीतरी खरं होतं आणि काहीतरी चुकत होतं, पण दोन्ही एकमेकांत असं अडकलेलं होतं की मला सोडवता येईना. मी ‘हो बाई’ म्हटलं.

बाहेर रुक्की उभी होती. तिनं कागद ओढून घेतला, लाल रेघेच्या खालून चारही ओळी वाचल्या. एकदा वाचल्या, परत वाचल्या.

“हे असतं तर मला भांडायला केवढी मजा आली असती,” ती म्हणाली, आणि कागद घडी करून माझ्या दप्तरात ठेवला.

गुरुवारी आम्ही गाडी करून सोलापूरला गेलो. नाट्यगृह मोठं, खुर्च्या लाल, आणि पंधरा शाळा. आमचा नंबर अकरावा. वेळ तीस मिनिटं, त्यानंतर प्रत्येक मिनिटाला गुण कापणार. आमचं नाटक बरोबर अठ्ठावीस मिनिटांचं होतं, शेटेबाईंनी घड्याळ लावून बसवलेलं. भानुदासमामांनी मला ‘बाप (गरीब)’ लावली. दुकानातला खास गोंद मागच्या वर्षी एकीच्या ओठाला झोंबला होता, तेव्हापासून आमच्याकडं साधा डिंक वापरायचे. शाळेच्या स्टेजवर तो पुरायचा. सोलापूरच्या त्या दिव्यांखाली काय होणार, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

पहिला प्रवेश छान झाला. मी ‘चहा’ म्हटलं. दुसऱ्या प्रवेशात ‘नाही म्हणजे नाही’ तीनदा म्हटलं. तिसरा सुरू झाला आणि माझ्या ओठावर घाम सुटला. मिशीचं डावं टोक सुटून गालावर लोंबायला लागलं.

मागच्या रांगांत कुठल्यातरी शाळेची मुलं बसली होती. “ए, मिशी! मिशी चालली!” एकानं ओरडून सांगितलं. सगळं नाट्यगृह हसलं. मी मान खाली घातली, गुडघ्यांत वाकले, जेवढं लहान होता येईल तेवढी लहान झाले. पाच फूट आठ इंचांचं करायचं तरी काय! विंगेतून बाई हातानं ‘पुढं, पुढं’ करत होत्या.

पुढं म्हणजे सहीचा प्रसंग होता. रुक्की फॉर्म घेऊन आली. तिनं म्हणायचं, ‘बाबा, सही करा ना’, डाव्या डोळ्यानं रडायचं, मी उभं राहायचं, मग आई-आजी-शेजारीण येणार आणि मी सही करणार.

“बाबा, सही करा ना,” रुक्की म्हणाली.

मी उभी राहिले. मिशी उजव्या बाजूनंही सुटली आणि पायाशी पडली. आता तर नुसता दंगा. कुणीतरी शिट्टी वाजवली.

रुक्की रडली नाही. तिनं विंगेकडं पाहिलं नाही, लोकांकडं पाहिलं नाही. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा, डोळे कोरडे ठेवून.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही नाही का म्हणता? मला खरं सांगा.”

हे वाक्य नाटकात नव्हतं.

मी खाली वाकले आणि मिशी उचलली. लोक अजून हसत होते. ती परत लावायचा प्रश्नच नव्हता. मी ती झटकली, सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशावर हात फिरवला आणि ताठ झाले. सगळीच्या सगळी. मला वाटतं इतकी उंच मी घरात आरशासमोरही कधी उभी राहिले नव्हते. वरून रुक्कीचा भांग दिसत होता.

“शिकलीस की तुला कळेल,” मी म्हटलं, “तुझ्या बापाला काय काय येत नाही ते.”

हसू कमी झालं.

“आजवर ते फक्त मला ठाऊक होतं.”

हसू थांबलं.

“तू हसशील मला, सुगंधा. म्हणून नाही म्हणतो. दुसरं काही कारण नाही.”

माझ्या चार ओळी संपल्या. पुढं काही नव्हतं, ना बाईंनी लिहिलेलं, ना मी. आई-आजी-शेजारीण विंगेतून येईनात, कारण त्यांना त्यांचं वाक्यच सापडेना. विंगेत भानुदासमामा पडद्याची दोरी हातात धरून उभे होते. मी तिकडं बघितलं तर ते पटकन खाली दोरीकडं बघू लागले.

आणि रुक्की? लाल रेघेमागची बाईंची भीती मला तेव्हा आठवली. सगळे माझ्याकडं बघत होते. बाई बरोबर होत्या. बाप बिचारा झाला होता. आता पोरीचं काय?

रुक्कीनं फॉर्म दोन्ही हातांत घट्ट धरला.

“हसेन कधीतरी,” ती म्हणाली. “तुम्ही नाही का हसत, मी भाकरी जाळली की? त्यानं काय मी तुमची लेक राहिले नाही?” मग एक पाऊल पुढं आली. “तुम्ही भ्यालात म्हणून मी का थांबू, बाबा? तुम्ही भ्या. मी जाणार. सही करा.”

टाळ्या माझ्या वाक्याला पडल्या नव्हत्या, बरं का. इथं पडल्या. त्या शिट्टीवाल्या मुलांनी खुर्च्यांवर हात आपटले. रुक्कीचे दोन्ही डोळे एकदम वाहायला लागले, आणि ते हुकमी नव्हतं, कारण नाकपण वाहत होतं.

मी सही केली. कधी नव्हे ते सावकाश केली, सुगंधाच्या बापाला अक्षरं कशीबशी येत असतील म्हणून एकेक अक्षर काढून केली. मग आई आली, आजी आली, शेळी आली आणि इतकी कासावीस झाली की तिचं एक शिंग पडलं.

पडदा पडला तेव्हा एकतीस मिनिटं आणि वीस सेकंद झाली होती.

ढाल आम्हाला मिळाली नाही. वेळेचे गुण कापले गेले. परीक्षक म्हणाले, तिसऱ्या प्रवेशात कलाकार संहिता सोडून बोलले, ही शिस्त नव्हे. रुकय्याला अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं. ईश्वरीला, म्हणजे शेळीला, उत्तेजनार्थ. मला काहीच नाही. ईश्वरीनं ते प्रशस्तिपत्रक बघायला म्हणून मला दोन मिनिटं हातात दिलं, तेवढंच.

परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. सगळ्यांना माहीत होतं की शेटेबाई पुढच्या सीटवर बसल्यात आणि वाटेतल्या वैराग गावापर्यंत एक अक्षर बोललेल्या नाहीत. वैरागला चहाला गाडी थांबली. मुली उतरल्या. मी मागच्या सीटवर अंग चोरून बसून राहिले.

“चैत्राली, पुढं ये.”

मी गेले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. बाई वळून बसल्या.

“संहिता बदलायची नाही, हा नियम आहे.”

“हो बाई.”

“ढाल गेली.”

“हो बाई. रुक्कीला रागवू नका. तिनं माझ्यासाठी विचारलं.”

“तुझ्यासाठी नाही विचारलं,” बाई म्हणाल्या. “नाट्यगृहातून निघताना मी तिला दोन शब्द सुनावले, तर मला म्हणते, बाई, मला माझ्यासाठीच जाणून घ्यायचं होतं.” त्यांनी बोट उगारलं. “परत असं केलंत तर दोघींना नाटकातून काढीन. कळलं?”

“हो बाई.”

मला वाटलं, झालं. मी उठायला लागले. मुली चहा संपवून गाडीत चढत होत्या, ईश्वरी पेंगत होती, भानुदासमामा टपावरचं सामान बांधत होते. बाईंनी माझा हात धरून मला परत खाली बसवलं.

“ती गेल्यावर तो काय करतो गं?”

“कोण बाई?”

“कोण काय? सुगंधाचा बाप.” बाई खिडकीबाहेर बघत होत्या. “आई काय करते ते मला माहीत आहे. आजीचंही माहीत आहे. इथपर्यंत सारखा विचार करतेय, पण तो घरी गेल्यावर काय करतो, ते मला दिसतच नाहीये. बावीस वर्षं नाटकं लिहितेय मी.”

गंमत म्हणजे मला दिसत होतं. सुगंधा गेल्यानंतरची ती सगळी संध्याकाळ, तो अंगणात येतो ते, पहिल्यांदा तो कशाला हात लावतो ते, कुणाला हाक मारतो ते. भराभर दिसत होतं.

“सांगू?” मी म्हटलं.

गाडी सुरू झाली. बाईंनी पर्समधून पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका उलटी करून मांडीवर घेतली.

“सांग,” त्या म्हणाल्या. “पण सावकाश सांग. गाडी हलतेय.”